क्रीडा छायाचित्रांचा संग्रह : ‘ओरिजिनल’ म्हणजे नेमके काय?

निरवांगी (ता. इंदापूर) : नीरा खोऱ्यातील निरवांगी आणि आसपासच्या गावांत, एखाद्या जुन्या घराच्या सोप्यात देवादिकांच्या तसबिरींशेजारी पैलवानाचे एखादे छायाचित्र टांगलेले दिसते. लांग कसलेली, छाती पुढे काढलेली, खांद्यावर गदा, डोक्यावर फेटा आणि मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. यात्रेतील मैदान मारल्यानंतर तालुक्याच्या गावी जाऊन फोटो काढून घेण्याची ही रीत इंदापूर-बारामती भागात नवी नाही. घरच्यांच्या दृष्टीने ती आजोबांची आठवण असते. पण पुण्या-मुंबईच्या संग्राहकांच्या दृष्टीने अशा छायाचित्राला आता बाजारभावही आला आहे.

बाजार आला की त्याची भाषा येते. ‘ओरिजिनल’, ‘व्हिंटेज’, ‘साइन्ड’, ‘सर्टिफाइड’, ‘लिमिटेड एडिशन’ हे शब्द इंटरनेटवरील विक्रीच्या पानांवर सर्रास वापरले जातात. मात्र ‘ओरिजिनल’ या एकाच शब्दाचा अर्थ घरमालक एक लावतो, स्टुडिओवाला दुसरा आणि विक्रेता तिसराच. घरमालकाला म्हणायचे असते की फोटोतील माणूस खरोखर आपले आजोबाच आहेत. स्टुडिओवाल्याला म्हणायचे असते की प्रत निगेटिव्हवरून काढली आहे. विक्रेत्याला काय म्हणायचे आहे, ते मात्र पावतीवर लिहून घेतल्याशिवाय कळत नाही. या गोंधळात कोणी हजारो रुपये मोजून अलीकडे छापलेली नक्कल घरी नेतो, तर कोणी घरातील अस्सल प्रत ‘मोठी करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती देऊन कायमची गमावतो. म्हणून या शब्दांचे अर्थ समजून घेणे आवश्यक ठरते.

एक शब्द, चार प्रश्न

छायाचित्राच्या अस्सलतेविषयी चार वेगवेगळे प्रश्न संभवतात. पहिला, छायाचित्रातील व्यक्ती, प्रसंग आणि काळ सांगितल्याप्रमाणेच आहेत काय? दुसरा, हातात असलेली कागदी प्रत केव्हा आणि कशावरून तयार झाली? तिसरा, त्यावर सही असल्यास ती त्या खेळाडूने स्वतः केलेली आहे काय? आणि चौथा, ही प्रत विकत घेणाऱ्याला चित्र छापण्याचा वा प्रसिद्ध करण्याचा हक्क मिळतो काय?

या चारही प्रश्नांची उत्तरे एकमेकांपासून स्वतंत्र असतात. प्रसंग खरा, पण प्रत काल छापलेली. प्रत सत्तर वर्षांची, पण सही बनावट. सही खरी, पण कागद म्हणजे मासिकातून कापलेले पान, अशी कोणतीही जुळणी शक्य आहे. विक्रेता एका प्रश्नाचे खरे उत्तर देऊन उरलेल्या तिन्हींबाबत मौन पाळू शकतो. संग्राहकाने चारही प्रश्न वेगवेगळे विचारावेत, हा या क्षेत्रातील पहिला धडा होय.

निगेटिव्हपासूनचे अंतर

फिल्मच्या काळात कॅमेऱ्यातील क्षण प्रथम निगेटिव्हवर उमटत असे आणि निगेटिव्हवरून डार्करूममध्ये कागदी प्रत निघत असे. एका निगेटिव्हवरून एक प्रत निघू शकते, तशा हजारही. निगेटिव्ह हरवली तर उपलब्ध प्रतीचाच पुन्हा फोटो काढून नवी निगेटिव्ह तयार केली जाते; तिला कॉपी निगेटिव्ह म्हणतात. तिच्यावरून निघालेल्या प्रतीत बारीक तपशील पुसट होतात, काळ्या-पांढऱ्यातील मधल्या छटा उडतात. कित्येकदा मूळ प्रतीवरील सुरकुत्या, टाचणीची भोके किंवा घडीची रेघही नव्या प्रतीत चित्राचा भाग म्हणून उतरते. कागद हाताला गुळगुळीत लागतो, पण चित्रात घडी दिसते, असे आढळले तर ती प्रतीची प्रत आहे हे उघड होते.

अमेरिकेत बेसबॉलच्या छायाचित्रांचा बाजार मोठा. तेथील संग्राहकांनी या अंतरावर आधारित चार प्रकारांची वर्गवारी रूढ केली आणि पीएसए या प्रमाणीकरण करणाऱ्या कंपनीने ती स्वीकारली. आज भारतीय क्रिकेटपटूंच्या छायाचित्रांच्या जाहिरातींतही ‘टाइप वन’ हा शब्द दिसू लागला आहे. त्यात दोनच निकष आहेत : प्रत मूळ निगेटिव्हवरून आहे की नाही, आणि छायाचित्र टिपल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत काढलेली आहे की नाही.

टाइप १ : मूळ निगेटिव्हवरून, साधारण दोन वर्षांच्या आत काढलेली प्रत.
टाइप २ : मूळ निगेटिव्हवरूनच, पण त्यानंतर काढलेली प्रत.
टाइप ३ : कॉपी निगेटिव्हवरून किंवा तारेने आलेल्या चित्रावरून, पण साधारण दोन वर्षांच्या आत तयार झालेली प्रत.
टाइप ४ : कॉपी निगेटिव्हवरून वा तत्सम दुय्यम साधनावरून, बऱ्याच काळाने काढलेली प्रत.

खाशाबांच्या एका क्षणाच्या चार प्रती

महाराष्ट्रातील उदाहरण घेतल्यास ही वर्गवारी लवकर ध्यानात येते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी जुलै १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये बँटमवेट गटात फ्रीस्टाइल कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. समजा, त्या लढतीच्या वेळी एका छायाचित्रकाराने एक छायाचित्र टिपले. त्याच निगेटिव्हवरून त्याच वर्षी निघालेली प्रत टाइप १ ठरेल. १९८४ मध्ये खाशाबांचे निधन झाले. त्या वेळी तीच निगेटिव्ह बाहेर काढून नवी प्रत केली असेल, तर ती टाइप २. १९५२ मध्येच ते चित्र तारेने दूरच्या शहरातील वृत्तपत्राकडे पाठविले गेले असेल आणि तेथे त्याची प्रत निघाली असेल, तर ती टाइप ३. पुढे एखाद्या गौरव समारंभासाठी त्या वृत्तपत्रीय प्रतीचा फोटो काढून नव्या प्रती वाटल्या असतील, तर त्या टाइप ४.

चौघांतही खाशाबा तेच, क्षणही तोच. यांपैकी कोणतीही प्रत खोटी नाही. टाइप ४ प्रत ‘टाइप ४’ म्हणून विकणे हा प्रामाणिक व्यवहार आहे. ती ‘१९५२ची मूळ प्रत’ म्हणून विकणे ही फसवणूक आहे. खोटेपणा बहुधा कागदाच्या वर्णनात असतो, कागदात नव्हे. शिवाय या आकड्यांचा सहीशी, चित्राच्या दर्जाशी किंवा प्रतीच्या अवस्थेशी काही संबंध नाही. फाटकी प्रतही टाइप १ असू शकते.

वृत्तपत्रीय प्रत आणि वायरफोटो

संग्राहकांच्या हाती येणाऱ्या क्रीडा छायाचित्रांत मोठा वाटा वृत्तपत्रांच्या व वृत्तसंस्थांच्या प्रतींचा असतो. त्यांना ‘प्रेस प्रिंट’ म्हणतात. अशा प्रतीची मागील बाजू पुढील बाजूइतकीच महत्त्वाची असते. तेथे छायाचित्रकाराचा वा संस्थेचा रबरी शिक्का, तारीख, टंकलिखित मजकुराची डकवलेली पट्टी, प्रसिद्धीचे कात्रण, पेन्सिलीने लिहिलेली स्तंभांची मापे यांपैकी काहीतरी सापडते. पुढील बाजूस चित्र कोठे कापावे याच्या खुणा किंवा छपाईत आकृती उठून दिसावी म्हणून ब्रशने लावलेला पांढरा-करडा रंग असतो. नवख्याला हे दोष वाटतात. प्रत्यक्षात ही कामकाजाची चिन्हे प्रतीच्या वयाचा पुरावा असतात. म्हणूनच मागील बाजू पुसून, खरवडून ‘स्वच्छ’ केलेली प्रत संशयास्पद मानावी.

तारेने चित्र पाठविण्याची असोसिएटेड प्रेसची वायरफोटो सेवा १ जानेवारी १९३५ रोजी सुरू झाली. पाठविणाऱ्या यंत्रावर मूळ प्रत गुंडाळून ती रेघेरेघेने वाचली जाई आणि दुसऱ्या टोकाला तशाच रेघांनी चित्र उमटे. त्यामुळे भिंगाखाली वायरफोटोत बारीक समांतर रेषा दिसतात आणि मजकुराची पट्टी वेगळी डकवलेली नसून चित्रातच उमटलेली असते. वायरफोटो हा दुय्यम प्रकार असला तरी त्याच दिवसाचा दस्तऐवज म्हणून त्याला स्वतःचे मोल आहे.

कागदाची साक्ष

प्रतीचे वय सांगणारा सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे कागद. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर दिलेला अल्ब्युमेन कागद वापरात होता. तो पातळ असल्याने पुठ्ठ्यावर चिकटवला जाई आणि त्याचा रंग तपकिरी-जांभळट दिसे. साधारण सव्वाचार इंच रुंद आणि साडेसहा इंच उंच पुठ्ठ्यावरील अशा छायाचित्राला ‘कॅबिनेट कार्ड’ म्हणतात. १८८६ आणि १८८८ मध्ये पारशी क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले, तो काळ या कार्डांचा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जिलेटिन सिल्व्हर कागद आला आणि विसाव्या शतकातील कृष्णधवल छायाचित्रांचा तोच मुख्य कागद ठरला. अशा जुन्या प्रती तिरक्या उजेडात धरल्या असता गडद भागांवर आरशासारखी निळसर-चंदेरी झाक दिसते. कागदातील चांदी कालांतराने पृष्ठभागावर येते, त्यामुळे ही झाक निर्माण होते. १९७०च्या दशकापासून प्लास्टिकचा लेप दिलेले आरसी कागद सर्वत्र पसरले. ते सपाट राहतात, मागील बाजू गुळगुळीत लागते आणि फाडल्यास कडेला प्लास्टिकचा पापुद्रा दिसतो. अशा कागदावरील १९३२च्या संघाचे छायाचित्र त्या वर्षीची प्रत असूच शकत नाही.

अतिनील दिव्याची चाचणीही उपयोगी पडते. १९५०च्या दशकापासून छायाचित्रांच्या कागदात शुभ्रता वाढविणारी रसायने वापरली जाऊ लागली. ती अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. १९११ची म्हणून दाखविलेली प्रत अशी चमकली, तर दावा फेटाळण्यास तेवढे पुरे. मात्र उलट निष्कर्ष काढता येत नाही. न चमकणारे कागद नंतरही बनत राहिले. ही चाचणी खोटे पकडते, खरे सिद्ध करीत नाही.

भारतीय प्रतींबाबत आणखी एक खूण आहे. उटकमंड येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची उत्पादने ‘इंदू’ या नावाने विकली जात. प्रतीच्या मागे ‘इंदू’ची छाप असेल, तर ती प्रत त्यापूर्वीची नाही हे निश्चित.

साध्या भिंगानेही बरेच काही कळते. खऱ्या छायाचित्रात छटा सलग असतात. पुस्तक, दिनदर्शिका वा मासिकात छापलेल्या चित्रात ठिपक्यांची रांगोळी दिसते. संगणकी प्रिंटरच्या प्रतीत रंगीत शाईचे विखुरलेले तुषार दिसतात. जॉर्ज बेल्डॅम यांनी टिपलेले ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टर ट्रम्परचे पुढे झेपावतानाचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. ते १९०५च्या ‘ग्रेट बॅट्समेन’ या ग्रंथात छापले गेले. त्या ग्रंथातून सुटे केलेले पान शंभर वर्षांहून जुने असते, पण ते छापील पान असते. छायाचित्राची प्रत नव्हे. ‘जुने’ आणि ‘मूळ’ हे समानार्थी शब्द नाहीत.

रंगाबाबतही सावध राहणे इष्ट. रंगीत फिल्म सर्वत्र पोहोचण्यापूर्वी आपल्याकडील स्टुडिओंत कृष्णधवल प्रत हाताने रंगविली जात असे. फेटा भगवा, गदा रुपेरी, गालांवर लाली. भिंगाखाली ब्रशचे फटकारे दिसतात आणि रंग कधी रेषेबाहेर गेलेला असतो. हे काम त्या काळचे असल्यास प्रतीचे मोल वाढते. आज संगणकाद्वारे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने जुन्या चित्रात रंग भरले जातात, चेहरे ‘स्पष्ट’ केले जातात. अशा चित्रातील डोळे, बोटे, लांगेच्या चुण्या यंत्राने कल्पनेने भरलेल्या असू शकतात. ते स्मरणचित्र म्हणून लावावे. पुरावा म्हणून मानू नये.

चित्रातील तपशील काय सांगतो?

कागद कालसुसंगत असला तरी चित्राखालील मजकूर चुकीचा असू शकतो. येथे क्रीडा इतिहासाचे ज्ञान कामी येते. मुंबईतील कसोटी सामन्यांचेच पाहा. भारतातील पहिली कसोटी डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाली. ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ मध्ये उभे राहिले आणि वानखेडेवरील पहिली कसोटी जानेवारी १९७५ मध्ये झाली. तेव्हा ‘१९७१, वानखेडे’ असे लिहिलेले अजित वाडेकरांचे छायाचित्र पुढे आले, तर स्थळ किंवा वर्ष यांपैकी एक चूक आहे.

कुस्तीतही अशा खुणा आहेत. महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या कोणत्याही छायाचित्राखाली ‘महाराष्ट्र केसरी’ लिहिलेले असेल तर ते नंतर जोडलेले आहे. कोल्हापूरचे खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९१२ मध्ये बांधले गेले. तेथील म्हणून दाखविलेले चित्र त्याआधीचे असू शकत नाही. ऑलिम्पिकची कुस्ती मॅटवर होते, तेव्हा तांबड्या मातीतील लढत हेलसिंकीची म्हणून खपविता येणार नाही. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला, म्हणून ‘अर्जुन पुरस्कार स्वीकारताना खाशाबा’ असे छायाचित्र अस्तित्वातच असू शकत नाही.

सहीचे प्रकार

सही असलेल्या छायाचित्राची किंमत अनेक पटींनी वाढते आणि म्हणूनच बनावटगिरीही तेथेच अधिक. ‘साइन्ड’ या शब्दाआड किमान पाच गोष्टी दडलेल्या असतात. पहिली, खेळाडूने स्वतः त्या प्रतीवर केलेली सही. दुसरी, चित्रासोबतच छापली गेलेली सही. तिला ‘फॅक्सिमिली’ किंवा ‘प्रिप्रिंट’ म्हणतात. तिसरी, रबरी शिक्क्याची सही. चौथी, यांत्रिक हाताने केलेली ‘ऑटोपेन’ सही. पाचवी, खेळाडूच्या वतीने मदतनिसाने वा सहकाऱ्याने केलेली सही. चाहत्यांच्या पत्रांना उत्तर देताना शेवटचे चार प्रकार जगभर वापरले गेले आहेत. त्यांत फसविण्याचा हेतू असतोच असे नाही, पण त्यांना हस्ताक्षराचे मोल नाही.

छापील सही भिंगाखाली चित्राच्याच थरात दिसते. हाताची सही कागदाच्या पृष्ठभागावर बसलेली असते. तिरक्या उजेडात शाईची चमक वेगळी दिसते, बॉलपेनचा दाब उमटलेला दिसतो, रेघा एकमेकींना छेदतात तेथे शाई दाटते. ऑटोपेनच्या सह्या एकमेकींवर ठेवल्यास तंतोतंत जुळतात. माणसाच्या दोन सह्या कधीच तशा जुळत नाहीत. नक्कल करणाऱ्याचा हात सावकाश चालतो, म्हणून रेघ थरथरते आणि आरंभ-शेवट बोथट होतात.

काळाचे गणितही मांडावे. फिरकी गोलंदाज पाळवणकर बाळू १९११च्या इंग्लंड दौऱ्यात गाजले आणि १९५५ मध्ये निवर्तले. जाड टोकाचे मार्कर त्यानंतर, १९६०च्या दशकात प्रचारात आले. मार्करने केलेली बाळूंची सही ही अशक्य गोष्ट आहे. विजय मर्चंट यांचे निधन १९८७ मध्ये झाले. डिजिटल यंत्रावर काढलेल्या प्रतीवर त्यांची सही असेल, तर आणखी तपासणीची गरजच उरत नाही.

प्रमाणपत्राचे मोल

‘सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी’ म्हणजे अस्सलतेचे प्रमाणपत्र. ते कोणीही संगणकावर छापू शकतो. स्वतः विक्रेत्याने दिलेले प्रमाणपत्र हे त्याचे आश्वासन असते, पुरावा नव्हे. तज्ज्ञ संस्थेचे पत्र हे मत असते. त्यात प्रतीचे वर्णन, छायाचित्र आणि क्रमांक असला तरच ते त्याच वस्तूचे आहे हे कळते. ‘विटनेस्ड’ म्हणजे संस्थेच्या प्रतिनिधीसमोर झालेली सही. या साऱ्यांत हा दावा सर्वांत भक्कम. होलोग्राम आणि क्रमांक यांचीही नक्कल होते, म्हणून क्रमांक देणाऱ्या संस्थेच्या नोंदीत तो पडताळून पाहावा.

प्रमाणपत्रावर विसंबण्याचा धोका अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या अखेरीस उघड झाला. एफबीआयच्या ‘ऑपरेशन बुलपेन’ या तपासात बनावट सह्या करणाऱ्यांच्या टोळ्या सापडल्या आणि त्यांच्या मालासोबत प्रमाणपत्रेही होती. भारतात क्रीडावस्तूंचा संग्रह आता वाढत आहे. पुण्यात सहकारनगर भागात २०१२ मध्ये ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेट संग्रहालय सुरू झाले, तेथे खेळाडूंच्या सह्या असलेल्या अनेक वस्तू आहेत. अशा ठिकाणी खात्रीच्या सह्या डोळ्यांखालून घातल्यास नजर तयार होते.

प्रमाणपत्रापेक्षा मोलाची असते ती मालकीची साखळी. वस्तू कोणी, केव्हा, कोणाकडून मिळविली याची सलग हकिगत, पत्रे, पावत्या, त्याच प्रसंगाची इतर छायाचित्रे. इंग्रजी बाजारात तिला ‘प्रॉव्हेनन्स’ म्हणतात. ‘एका जुन्या संग्रहातून’ एवढेच सांगणे म्हणजे साखळी नव्हे.

जाहिरातीतील शब्द आणि त्यांचे अर्थ

व्हिंटेज प्रिंट : छायाचित्र टिपले त्याच सुमारास काढलेली प्रत. केवळ ‘व्हिंटेज फोटो’ म्हटल्यास चित्र जुने की प्रत जुनी, हे विचारावे.

लेटर प्रिंट : मूळ निगेटिव्हवरून पुढे काढलेली प्रत.

रिप्रिंट : नव्याने छापलेली प्रत, बहुधा स्कॅनवरून. ‘ओरिजिनल साइन्ड रिप्रिंट’ यात सही खरी असू शकते, प्रत नवीच असते. ‘रिप्रिंट साइन’ असे लिहिले असेल तर सहीही छापील आहे.

लिमिटेड एडिशन : ठरावीक संख्येने काढलेल्या प्रती. १२/१०० म्हणजे शंभरांतील बारावी. आकार बदलून दुसरी आवृत्ती काढणार नाही, असे लेखी असल्याशिवाय या संख्येला अर्थ नाही.

अॅट्रिब्यूटेड : अमुक छायाचित्रकाराचे असावे असा तर्क, खात्री नव्हे.

रिस्टोअर्ड : दुरुस्त केलेली प्रत. कागदावर दुरुस्ती केली की केवळ स्कॅनवर, हे विचारावे.

ऑथेंटिक : स्वतः काहीच न सांगणारा शब्द. ‘काय ऑथेंटिक?’ हा प्रतिप्रश्न करावा.

प्रत आपली, हक्क कोणाचा?

छायाचित्राची प्रत विकत घेणे आणि त्याचा कॉपीराइट मिळविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रत भिंतीवर लावता येते, पुन्हा विकता येते. पण तिच्यावरून दिनदर्शिका किंवा पोस्टर छापून विकण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र टिपणारी व्यक्ती त्याची कर्ती मानली जाते. छायाचित्रांचे संरक्षण पूर्वी प्रसिद्धीनंतर ६० वर्षे असे. २०१२च्या दुरुस्तीने ते कर्त्याचे आयुष्य आणि त्यानंतर ६० वर्षे असे झाले.

निरवांगीसारख्या गावांच्या दृष्टीने याच कायद्यातील आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसल्यास, ते काढून घेणारा असतो. म्हणजे पैसे मोजून स्टुडिओत फोटो काढून घेणारा पैलवान हा केवळ चित्रातील माणूस नसतो. चित्राचा हक्कही प्रथम त्याचाच असू शकतो. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने मैदानात टिपलेल्या चित्राला हे लागू होत नाही.

खोटे वर्णन करून विकलेल्या वस्तूबाबत २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते. हेतुपुरस्सर फसवणूक असल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. दोन्हींसाठी लेखी वर्णन हाताशी हवे. पावतीवर ‘एक फोटो’ असे न लिहिता व्यक्ती, प्रसंग, प्रतीचा प्रकार, अंदाजे काळ, सहीबाबतचा दावा आणि तो खोटा ठरल्यास परतफेडीची हमी लिहून घ्यावी.

घरातील ठेवा

संग्राहकांच्या बाजारापेक्षा मोठा प्रश्न गावोगावच्या भिंतींवरील छायाचित्रांचा आहे. कसोटी सामन्यांची धावसंख्या पुस्तकांत मिळते. यात्रेतील कुस्त्यांचे तसे नाही. हलगीच्या ठेक्यावर लागलेली जोड, इनामाची रक्कम, कोण चितपट झाला आणि कोणती कुस्ती बरोबरीत सुटली, याची लेखी नोंद क्वचितच ठेवली गेली. अशा पैलवानाच्या कारकिर्दीचा एकमेव कागद म्हणजे बहुधा ते छायाचित्रच असते. त्याच्या मागे काहीच लिहिलेले नसेल आणि ओळखणारी पिढी निघून गेली, तर अस्सल प्रतही निनावी होते.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. चौकट सावकाश उघडून प्रतीची दोन्ही अंगे स्कॅन करावीत. स्टुडिओचा शिक्का वा पुठ्ठ्यावरील ठसा असल्यास तो जपावा. मागील बाजूस कडेला, मऊ पेन्सिलीने, दाब न देता नाव, गाव, मैदान, वर्ष आणि माहिती सांगणाऱ्याचे नाव लिहावे. बॉलपेन वापरू नये. त्याचा दाब पुढे उमटतो. वर्ष नक्की आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहावे. अंदाज खात्री म्हणून नोंदवू नये. लॅमिनेशन करू नये, ते पुन्हा निघत नाही. चिकट पानांचे अल्बम, ओले फडके, थेट ऊन आणि ओल येणारी भिंत टाळावी. भिंतीवर नवी प्रत लावून मूळ प्रत आम्लविरहित कागदात गुंडाळून अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावी. जुन्या निगेटिव्ह सापडल्यास त्या निकामी समजून टाकू नयेत. त्या प्रतीहूनही मोलाच्या असतात. प्रत मोठी करून हवी असल्यास स्कॅन समोर बसून करून घ्यावा आणि मूळ प्रत त्याच दिवशी घरी आणावी.

आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्या छायाचित्राविषयी विचारायचे असेल, तर ते आजच विचारावे. मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेली त्यांची दहा मिनिटांची हकिगत ही मालकीच्या साखळीतील पहिली कडी ठरते, आणि ती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.